हौद्याखालची हवा

१९६० च्या मॉडेलपासून शेव्हरोले कंपनीने आपल्या अर्ध्या टनाच्या पिकअप ट्रकमध्ये मोठा बदल केला. मागच्या चाकांवरचे पाटे काढून तिथे कॉइल स्प्रिंग बसवल्या. मालाची गाडी म्हटली की खाली पाट्यांची चवड असायचीच, असे तोवर चालत आले होते. पण अमेरिकेतला पिकअप तेव्हा बदलत होता. आठवडाभर चारा, सिमेंट आणि लाकूड वाहणारी गाडीच रविवारी घरच्यांना घेऊन बाहेर पडू लागली होती. तिने ओझे पेलायचे आणि बसणाऱ्याची हाडेही खिळखिळी करायची नाहीत, अशी दुहेरी अपेक्षा होती. हा ट्रक म्हणजे सी-टेन. ‘सी’ म्हणजे फक्त मागच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी आणि ‘टेन’ म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग. १९६७ ते १९७२ या काळातली त्याची दुसरी पिढी आज जुन्या पिकअपच्या शौकिनांची सर्वांत लाडकी आहे. तिच्यावर जी कामे होतात, त्यांत मागच्या कॉइल काढून हवेच्या स्प्रिंगा बसवणे हे फार लोकप्रिय काम आहे.

हे काम बाहेरून पाहणाऱ्याला हौसेचे वाटते. बटण दाबले की ट्रक जमिनीला टेकतो, पुन्हा दाबले की उठतो. त्या दिखाव्याखाली यंत्रशास्त्रातला एक जुना आणि खरा प्रश्न आहे, तो म्हणजे ज्या गाडीचे ओझे रोज बदलते तिच्याखाली एकाच ताठपणाची स्प्रिंग कशी पुरणार? हवा या प्रश्नाचे चांगले उत्तर देते. मात्र स्प्रिंगच्या आजूबाजूची भूमिती चुकलेली असेल, तर ते उत्तर वाया जाते. हवेचे फुगे विकत मिळतात. भूमिती मात्र गाडीखाली झोपून, मोजून जमवावी लागते.

रिकामा हौदा, भरलेला हौदा

पिकअपचे इंजिन, केबिन आणि चालक हे सारे पुढे असते. मागे असतो तो पत्र्याचा हौदा. रिकाम्या गाडीचे मागच्या चाकांवरचे वजन म्हणूनच कमी असते, आणि माल भरला की जवळजवळ सगळी वाढ त्याच चाकांवर येते. कारखान्याने स्प्रिंग निवडायची ती भरलेल्या हौद्याला पुरेल अशीच. त्यामुळे रिकामी गाडी खड्ड्यावर उसळते.

आकड्यांत पाहू. समजा, रिकाम्या ट्रकच्या मागच्या एका बाजूच्या स्प्रिंगवर २७५ किलो भार आहे आणि ती स्प्रिंग दर सेंटिमीटरला ४० किलो इतकी ताठ आहे. हौद्यात ४०० किलो माल ठेवला, म्हणजे प्रत्येक बाजूला २०० किलो वाढले, तर गाडी मागून ५ सेंटिमीटर बसते. हेडलाइटचा झोत वर जातो आणि पुढच्या चाकांवरचे वजन हलके वाटते. वर-खाली डुलण्याचा वेगही बदलतो. रिकामी असताना हे टोक सेकंदाला सुमारे १.९ वेळा हलते, तर भरल्यावर सुमारे १.४५ वेळा. प्रवासी मोटारींत हा आकडा साधारण १ ते १.५ च्या दरम्यान ठेवतात, कारण माणसाला तोच सुखाचा वाटतो. म्हणजे हा ट्रक पोटभर ओझे असतानाच सुखाने चालतो आणि रिकामा असताना हाडे मोजतो.

हवेच्या स्प्रिंगचा हिशेब वेगळा आहे. फुग्याचा रेटा म्हणजे आतला दाब गुणिले त्याचे परिणामकारक क्षेत्रफळ. हे क्षेत्रफळ १५४ चौरस सेंटिमीटर धरले, तर २७५ किलो पेलायला साधारण २५ पौंड हवा लागते. ४७५ किलोंना ४४ पौंड. आपल्याकडे टायरमध्ये ‘तीस पौंड हवा’ भरतात, तेच हे माप. दाब वाढवला की गाडी पुन्हा त्याच उंचीवर येते. दाबाबरोबर फुग्याचा ताठपणाही वाढत असल्याने डुलण्याचा वेग रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत जवळजवळ सारखा राहतो. कॉइलला हे जमत नाही, कारण तिचा ताठपणा कारखान्यात तार वळवली तेव्हाच ठरून गेलेला असतो.

शतकभराचा प्रवास

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विल्यम हम्फ्रीज या गृहस्थांनी वाहनांसाठी हवेच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले ते १९०१ साली. पण हवा कोंडून ठेवणारे, हजारो वेळा दुमडूनही न चिरणारे रबर आणि कापड तेव्हा नव्हते. ते आले टायरच्या धंद्यातून. १९३० च्या दशकात फायरस्टोन कंपनीने या स्प्रिंगांवर प्रयोग सुरू केले. पहिले मोठे यश मिळाले ते बसमध्ये, कारण बसचेही ओझे थांब्याथांब्याला बदलते. जनरल मोटर्सच्या हवेच्या स्प्रिंगांवरच्या बसचे नियमित उत्पादन १९५३ साली सुरू झाले. पाठोपाठ १९५४ पासून ग्रेहाउंड कंपनीच्या दुमजली धाटणीच्या ‘सीनिक्रूझर’ बस हवेवर तरंगत अमेरिकेच्या महामार्गांवर धावू लागल्या.

मोटारींचा अनुभव कडू होता. १९५७ च्या ‘कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम’ या १३,०७४ डॉलर किमतीच्या आलिशान गाडीला चारही चाकांवर हवा होती. १९५८ मध्ये शेव्हरोलेने ‘लेव्हल एअर’ नावाने हीच सोय जास्तीच्या पैशांत देऊ केली. पण झडपा गळत, सांधे सैल पडत, नळ्यांत ओल साचे. सकाळी गाडी एका कुशीवर बसलेली सापडे. अनेक मालकांनी ती यंत्रणा उपसून साध्या कॉइल बसवून घेतल्या. हवेचे तत्त्व बरोबर होते, ती बांधून ठेवणारे झडपा-सांधे मात्र कच्चे होते.

दुसरी, साधी वाट त्याआधीच निघाली होती. १९४९ साली मिशिगन राज्यातल्या लान्सिंग इथे ‘एअर लिफ्ट’ कंपनी सुरू झाली. तिने कॉइल स्प्रिंगच्या पोटातच बसेल असा रबरी फुगा विकायला काढला. मूळ स्प्रिंग जागेवर राहते, ओझे असेल तेव्हा फुग्यात हवा भरायची. सी-टेनच्या मालकाला ही वाट आजही खुली आहे. ज्याला केवळ ओझे ओढताना मागचा भाग बसू द्यायचा नाही, त्याने इथेच थांबावे. खर्च कमी, चेसी कापावी लागत नाही, आणि हवा गेली तरी गाडी कॉइलवर उभी राहते.

जमिनीला टेकण्याची हौस आणि कायदा

गाडी खाली आणण्याच्या वेडाचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियात, तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या लोरायडर परंपरेत आहे. चकाकत्या रंगाच्या, जमिनीलगत आणलेल्या गाड्या हळूहळू चालवत नेणे हा त्यांचा आपली ओळख मिरवण्याचा मार्ग होता. १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियात कायदा आला की, फेरफार केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. त्यावर रॉन अगिरे या कारागिराने तोड काढली. १९५९ च्या सुमारास त्याने आपल्या ‘एक्स-सॉनिक’ या कॉर्व्हेट गाडीत हायड्रॉलिक पंप व झडपा बसवल्या. पोलीस दिसले की गाडी कायदेशीर उंचीवर उचलायची, पुढे गेले की खाली आणायची.

तेल आणि पंपांची ती पद्धत अंगणात उड्या मारायला जबरदस्त, पण रोजच्या प्रवासाला कडक. १९९० च्या दशकात पिकअपवाल्यांनी मालट्रकमधले हवेचे फुगे उचलले आणि जुन्या ट्रकखाली बसवले. इंडियाना राज्यातल्या जॅस्पर गावची ‘एअर राइड टेक्नॉलॉजीज’, म्हणजे नंतरची ‘राइडटेक’, ही या काळात नावारूपाला आलेली कंपनी. तिच्यासारख्यांनी जुन्या गाड्यांसाठी बोल्टने बसणारे तयार संच विकायला आणले. कॅलिफोर्नियातली १९५८ ची ती उंचीची अट १ जानेवारी २०२४ पासून उठली. पासष्टहून अधिक वर्षे ज्या हौसेकडे संशयाने पाहिले गेले, तिला तिच्या जन्मभूमीत मोकळीक मिळाली.

सी-टेनच का?

पाट्याच्या गाडीत पाटा दोन कामे करतो. तो वजन पेलतो आणि एक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. म्हणून फोर्ड एफ-१०० किंवा १९७३ पासूनचा शेव्हरोले घेऊन त्याचे पाटे पूर्ण काढले, तर एक्सलला धरणारे काहीच उरत नाही. तिथे चार दांड्यांची नवी जोडणी वेल्ड करावी लागते, आणि ते काम निष्णात हातांचेच.

१९६० ते १९७२ च्या सी-टेनमध्ये ही दोन कामे आधीपासून वेगळी आहेत. चेसीच्या मधल्या आडव्या पट्टीपासून दोन लांब दणकट दांडे मागे येतात आणि एक्सलला घट्ट बांधलेले असतात. इंग्रजीत त्यांना ट्रेलिंग आर्म म्हणतात. एक्सल पुढे-मागे जाऊ न देण्याचे काम त्यांचे. डावी-उजवीकडची सरक रोखायला एक आडवा दांडा असतो, त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. कॉइल या दांड्यांवर, एक्सलच्या किंचित पुढे बसते आणि फक्त वजन पेलते. ती काढून फुगा ठेवला तरी एक्सल जागचा हलत नाही. ही मांडणी इतकी साधी आणि मजबूत आहे की नॅसकारच्या शर्यतीतल्या गाड्यांनी हेच लांब दांडे उचलले आणि सर्वोच्च स्पर्धेत २०२२ ची नवी गाडी येईपर्यंत ते टिकले.

गाडीखालचे काम

कामाची सुरुवात पान्याने करू नये, मोजपट्टीने करावी. गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना लिहून ठेवायचे. एक्सलच्या नाकाचा, म्हणजे पिनियनचा कोन आणि गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा कोन मोजायचा. चेसी गंजलेली नाही ना, दांड्यांच्या पुढच्या टोकांचे बुश फाटलेले नाहीत ना, हे पाहायचे. पन्नास वर्षे जुन्या गाडीचे मूळ बुश बहुधा कडक झालेले असतात. ते आत्ताच बदलावेत, कारण नंतर पुन्हा सगळे उलगडावे लागते.

हौदा बोल्टांवर बसवलेला असतो. चार माणसे असतील तर तो उतरवून ठेवणे शहाणपणाचे, वरून सगळे उघडे दिसते. ज्या गाड्यांच्या हौद्याला लाकडी फळ्या आहेत, त्यांचे जुने बोल्ट गंजून आवळलेले असतात. त्यांना आदल्या दिवशीच तेल सोडावे.

मग गाडी उचलून चेसीखाली भक्कम स्टँड लावायचे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. एक्सलखाली दुसरा जॅक लावून त्याचा भार धरायचा. चाके, शॉकअब्सॉर्बर आणि पॅनहार्ड रॉड सोडवायचे. आता एक्सल जॅकवर सावकाश खाली आणायचा. या वेळी सगळे लक्ष ब्रेकच्या रबरी नळीवर हवे. चेसीवरून एक्सलवर येणारी ही नळी आखूड असते. एक्सल लोंबकळू दिला तर ती ताणली जाते आणि आतून फाटते. बाहेरून काही दिसत नाही, आणि पुढे कधीतरी ब्रेक दगा देतात. कॉइलवरचा ताण सुटला की तिच्या खालच्या वाटीचा बोल्ट काढून ती बाहेर घ्यायची. कॉइल, वाट्या, बोल्ट सगळे खूण करून जपून ठेवावे. ही गाडी कधी मूळ रूपात परत न्यायची झाली, तर तेच सामान लागेल, आणि पुढच्या मालकाच्या दृष्टीने त्याची किंमत मोठी असते.

फुग्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक, मध्ये कंबर असलेला, एकावर एक दोन वळ्या असलेला. तो कमी उंचीत बसतो, भरपूर ओझे पेलतो आणि दाबला की झपाट्याने ताठ होतो. दुसरा लांब बाहीसारखा, खालच्या ठोकळ्यावर उलटा गुंडाळत जाणारा. त्याची हालचाल लांब असते आणि चाल मऊ. दोन्हींची भिंत रबर आणि तिरप्या विणलेल्या दोऱ्यांच्या कापडाची असते, टायरच्याच जातीची. बहुतेक अशा फुग्यांची कमाल मर्यादा १०० पौंडांची असते. कमालीइतकीच किमानही महत्त्वाची. अगदी रिकाम्या फुग्यावर गाडी चालवली तर तो चिमटला जातो आणि घडीवर चिरतो.

फुगा कंसांत बांधल्याशिवाय त्यात हवा भरायची नाही. मोकळा फुगा मर्यादेबाहेर ताणला जाऊन फुटू शकतो. बसवल्यावर तो पूर्ण भरून आणि पूर्ण रिकामा करून, दोन्ही टोकांना, तो कशालाही घासत नाही हे बोट फिरवून पाहायचे. भरलेला फुगा आजूबाजूलाही फुगतो. चेसीच्या कडा, बोल्टची टोके, ब्रेकची नळी यांपासून सगळीकडून निदान अर्धा इंच मोकळी जागा हवी. सायलेन्सरची नळी जवळून जात असेल तर पत्र्याचा उष्णतारोधक आडोसा लावावा, किंवा नळीच वळवून घ्यावी. तापलेले रबर हळूहळू कडक होते आणि तडकते.

कोन, सरक आणि खाच

इथून पुढचा भाग बहुतेक जण घाईत उरकतात. माझ्या मते सगळे काम इथेच ठरते.

सी-टेनचे दांडे एक्सलला घट्ट बांधलेले असल्याने एक्सल वर-खाली होताना दांड्याबरोबर फिरतो. दांडा सव्वा मीटर लांब धरला आणि गाडी दहा सेंटिमीटर खाली आणली, तर एक्सल सुमारे साडेचार अंशांनी फिरतो आणि पिनियनचे नाक तेवढे खाली झुकते. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस जॉइंट कोनात फिरतात तेव्हा दर फेरीत शाफ्टची गती दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. पुढच्या आणि मागच्या जॉइंटचे कोन सारखे आणि विरुद्ध असले, तर ही चढउतार एकमेकांना मारते. ते बिघडले की ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागते आणि क्रॉस लवकर जातात. दोन्ही कोनांत एका अंशाहून अधिक फरक नसावा आणि प्रत्येक कोन तीन अंशांच्या आत राहावा, असा कारागिरांचा दंडक आहे. हे कोन जुळवायला एक्सल आणि दांड्यामध्ये पाचरी घालतात. लांब हौद्याच्या, १२७ इंच व्हीलबेसच्या गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. तिथे मधल्या बेअरिंगची उंचीही जुळवावी लागते. ११५ इंची आखूड गाडीत तो प्रश्न नाही.

म्हणून पहिला निर्णय असा घ्यायचा की ही गाडी रस्त्यावर कोणत्या उंचीवर चालणार? ती उंची एकदा ठरवली की सगळे कोन तिथे जुळवायचे. फुग्याच्या वरची आणि खालची प्लेटही तिथेच एकमेकींना समांतर यायला हवी, कारण दांडा वर्तुळाच्या कमानीत फिरतो आणि इतर उंचीला फुगा थोडा तिरका होणारच. जमिनीला टेकलेली अवस्था उभ्या गाडीची आहे. तिच्यासाठी कोन जुळवून चालत्या गाडीचे नुकसान करू नये.

पॅनहार्ड रॉडचाही असाच हिशेब. तो एका टोकाला चेसीला आणि दुसऱ्या टोकाला एक्सलला जोडलेला असल्याने एक्सल वर येताना कमानीत फिरतो आणि थोडा बाजूला सरकतो. ६० सेंटिमीटर लांबीचा रॉड आडव्यापासून १० सेंटिमीटर हलला, तर एक्सल ८ मिलिमीटरहून जास्त बाजूला जातो. रॉड १०० सेंटिमीटरचा असेल तर ही सरक ५ मिलिमीटरवर येते. उंची जास्त बदलणार असेल तर लांब आणि लांबी जुळवता येणारा रॉड घ्यावा आणि ठरलेल्या उंचीला तो आडवा ठेवावा. रुंद चाके लावलेल्या गाडीत एका बाजूचा टायर हौद्याच्या पत्र्याला घासतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

गाडी खूपच खाली आणायची असेल तर एक्सलची नळी चेसीवर आपटते. मग चेसीला एक्सलच्या वर अर्धगोल खाच पाडतात. चेसीचा आडवा छेद इंग्रजी सी अक्षरासारखा असतो आणि वाकवणारा भार प्रामुख्याने तिच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या पेलतात. खाच पाडली की खालची पट्टी तिथे तुटते. त्यामुळे जाड पोलादी प्लेटचा तयार कंस आधी जागेवर धरून खुणा करायच्या, मगच कापायचे, आणि कंस पूर्ण बोल्ट वा वेल्ड करूनच गाडीचे वजन चेसीवर येऊ द्यायचे. कापण्यापूर्वी ब्रेकची नळी आणि वायरिंग बाजूला घ्यावे. या गाडीची पेट्रोलची टाकी मुळात केबिनमध्ये, सीटमागे असते. सुरक्षिततेसाठी ती हौद्याखाली हलवली असेल, तर वेल्डिंगच्या ठिणग्यांपुढे ती तिथे असता कामा नये. खाच पाडली की गाडी मूळ रूपात परत नेता येत नाही. ज्याला मोजक्या इंचांनी खाली यायचे आहे त्याने खाचेच्या वाटेला जाऊ नये.

शॉकअब्सॉर्बरकडे दुर्लक्ष करणे ही या कामातली नेहमीची चूक. पाट्यांची पाने एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने थोडी उसळी आपोआप जिरते. हवेत असे घर्षण नसते, त्यामुळे डोलणे थांबवायचा सगळा भार शॉकअब्सॉर्बरवर पडतो. उंची बदलल्यावर जुन्या लांबीचा शॉकअब्सॉर्बर तळाला आपटतो किंवा पूर्ण ताणला जातो. नवा निवडताना ठरलेल्या उंचीला त्याचा दांडा साधारण मध्यावर असावा, आणि शेवटचा धक्का रबरी ठोकळ्याने घ्यावा.

हवेचे नळ आणि पाण्याचा त्रास

सर्वांत साधी रचना म्हणजे प्रत्येक फुग्याला एक नळी आणि टायरसारखा वॉल्व्ह. पंपावर थांबून हवा भरायची. ओझे वाहणाऱ्याला तेवढे पुरते. चालता चालता उंची बदलायची असेल तर बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, साधारण १९ लिटरची टाकी, दाबाचा स्विच, झडपा आणि मीटर लागतात. हा स्विच टाकीतला दाब साधारण ११० पौंडांवर उतरला की कॉम्प्रेसर चालू करतो आणि १४५ वर बंद करतो. कॉम्प्रेसर भरपूर करंट खातो, म्हणून त्याला स्वतंत्र रिले, बॅटरीजवळ फ्यूज आणि जाड वायर हवी. १९६० च्या दशकातल्या मूळ वायरिंगमधून तो करंट काढू नये. ती वायर तापते, आणि अशा गाड्या जळाल्या तर कारण बहुधा तेच असते.

डाव्या-उजव्या फुग्यांच्या नळ्या वेगळ्याच ठेवाव्यात. एकाच नळीने जोडले तर वळणावर बाहेरच्या फुग्यावर भार येतो, त्यातली हवा आतल्या फुग्यात पळते आणि गाडी आणखी कलते. नळी ट्रकच्या एअर ब्रेकसाठी मान्य झालेल्या नायलॉनची घ्यावी आणि खास कातरीने काटकोनात कापावी. तिरपा कट हेच गळतीचे सर्वांत मोठे कारण. नळी चेसीच्या कडेवर घासत असेल तिथे रबरी बुश घालावा.

हवा दाबली की तापते, टाकीत थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. टेक्सासच्या दमट किनाऱ्यावर त्याने टाकी आणि झडपा गंजतात, तर मिशिगनच्या हिवाळ्यात तेच पाणी गोठून झडपा अडवते. टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी नियमित काढणे आणि वाटेत पाणी पकडणारी वाटी बसवणे, एवढ्याने यंत्रणेचे आयुष्य वाढते.

सगळे जोडल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे आणि रात्रभर गाडी तशीच ठेवायची. सकाळी मीटर उतरलेला दिसला तरी लगेच गळती समजू नये. दुपारी ३० अंशांना १०० पौंड असलेली टाकी रात्री शून्य अंशापर्यंत थंड झाली, तर एकही बुडबुडा न सुटता ती सुमारे ८९ पौंड दाखवते. शंभरेक मैल चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळून घ्यावेत.

क्षमता वाढत नाही

फुगे बसवले म्हणून गाडीची वाहण्याची क्षमता वाढत नाही. संच विकणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिकांत हे स्पष्ट लिहितात. क्षमता एक्सल, बेअरिंग, टायर, चेसी आणि ब्रेक यांतल्या सर्वांत कमकुवत भागाने ठरते, आणि यांतले काहीच फुग्याने बदलत नाही. उलट धोका वाढतो, कारण हवा भरून सरळ केलेली गाडी जादा ओझ्याखालीही बसलेली दिसत नाही. कॉइल दबून जी सूचना देत होती, ती नाहीशी होते. म्हणून ओझे डोळ्यांनी पाहून ठरवू नये, काट्यावर तोलावे.

मराठी वाचकाचा शेव्हरोलेशी संबंध जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी आणि ट्रक जोडण्याचा कारखाना सुरू केला आणि १९५४ मध्ये तो बंद केला. त्यामुळे सी-टेन त्या कारखान्यातून कधी बाहेर पडला नाही. हवेच्या स्प्रिंगा मात्र आपण रोज अनुभवतो. एसटीची शिवनेरी याच तत्त्वावर मुंबई-पुणे धावते, आणि खचाखच भरली तरी मागून बसत नाही. आपल्याकडे जुन्या पिकअपवर असे काम करू पाहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते अधिक ठामपणे सांगितले. आरटीओची लेखी मंजुरी नसेल तर चेसीला हात लावू नये.

ज्यांच्याकडे ही गाडी आहे आणि ज्यांचा कायदा परवानगी देतो, त्यांना माझे सांगणे असे. आधी बुश, शॉकअब्सॉर्बर आणि गंज यांचा बंदोबस्त करा. मग गाडी कोणत्या उंचीवर चालणार हे ठरवा आणि पिनियनचा कोन, पॅनहार्ड आणि प्लेटा त्या उंचीला जुळवा. फुगे त्यानंतर घ्या. या क्रमाने केलेले काम रिकाम्या आणि भरलेल्या हौद्यात गाडीला सारखीच चाल देते, आणि कॉइल जपून ठेवल्या असतील, खाच पाडली नसेल, तर ते केव्हाही परत फिरवता येते. क्रम उलटा केला, तर महागडे फुगे लावूनही गाडी थरथरते, घासते आणि कलते. एवढी शिस्त पाळायची तयारी नसेल, तर मूळ कॉइलच ठेवाव्यात. त्या साठ वर्षांपूर्वीही चांगल्या होत्या, आजही आहेत.